पाच सातेरी पेट्यांसाठी मधयंत्र कोणतं घ्यावं?

प्रश्न विचारणारे घोडबंदर रोडला राहतात. किन्हवलीजवळ सासऱ्यांची आमराई आहे, तिथे गेल्या वर्षापासून सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पाच पेट्या ठेवल्यात. यंदा पहिल्यांदाच वरच्या मधकोठ्या, म्हणजे पेटीचे मध साठवायचे मजले, भरत आल्यात. ते लिहितात: "ताई, आठ हजारांपर्यंत खर्च करू शकतो. तीन यंत्रं पाहिली. दोन फ्रेमचं जस्ताच्या पत्र्याचं ४,२०० रुपयांना, दोन फ्रेमचं स्टीलचं ७,५०० ला आणि चार फ्रेमचं स्टीलचं १३,००० ला. दुकानदार म्हणतो, पुढे पेट्या वाढतीलच, चार फ्रेमचंच घ्या, हवं तर मोटर बसवून देतो. काय करू?"

आधी थेट उत्तर देते. दोन फ्रेमचं, हाताने फिरवायचं, स्टीलचं यंत्र तुम्हाला पुरेसं आहे. पण पैसे देण्याआधी घरून एक रिकामी फ्रेम (माश्या जिच्यात पोळं बांधतात ती लाकडी चौकट) पिशवीत घालून दुकानात न्या आणि यंत्राच्या आतल्या फिरत्या पिंजऱ्यात उभी करून बघा. ती नीट बसली नाही तर यंत्र ४,२०० चं असो की १३,००० चं, ते तुमच्यासाठी नाही. तुमच्या प्रश्नात किंमत आहे, पत्रा आहे, मोटर आहे. फ्रेमचं माप मात्र कुठेच नाही, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

आता चार फ्रेमचा हिशोब करू. सातेरीची वसाहत आपल्या भागात चांगल्या वर्षी पाच ते आठ किलो मध देते. सहा धरा. पाच पेट्यांचे तीस किलो झाले. सातेरीच्या मधकोठीची एक भरलेली फ्रेम साधारण चारशे ग्रॅम मध देते, म्हणजे वर्षभरात पंचाहत्तर फ्रेम. एका वेळी दोन घातल्या तर अडतीस घाणे. एका घाण्याला पोळ्यावरची मेणाची झाकणं कापण्यापासून फ्रेम परत कोठीत ठेवेपर्यंत सहा-सात मिनिटं लागतात. सगळे मिळून चार-साडेचार तास, तेही दोन किंवा तीन काढण्यांमध्ये विभागलेले. चार फ्रेमच्या यंत्राने यातले फार तर दोन तास वाचतील. वर्षातले दोन तास वाचवायला साडेपाच हजार जास्त मोजायचे का, ते तुम्हीच ठरवा. शिवाय खरा वेळ सुरीने झाकणं कापण्यात जातो आणि ते काम दोन फ्रेमचं यंत्र असो की चारचं, तेवढंच राहतं. माझ्याकडे आज बावीस पेट्या आहेत, मुरबाड आणि बदलापूर मिळून, आणि मी अजून दोन फ्रेमच्या यंत्रावरच मध काढते.

पेट्या वाढल्या तर? वाढू द्या. सातेरी पाळणारा माणूस पाचाच्या पंचवीस पेट्या एका वर्षात करत नाही. विभाजन, राणीची जुळणी, पावसाळ्यात पळून गेलेल्या वसाहती हे सगळं धरून चांगल्या हाताला तीन-चार वर्षं लागतात. चांगल्या स्टीलचं यंत्र तोवर कमी किमतीत का होईना, सहज विकलं जातं. लोक विचारत येतात.

यंत्राचं तत्त्व साधं आहे आणि दीडशे वर्षांत त्यात मुळातून काही बदललेलं नाही. १८६५ मध्ये फ्रांझ फॉन ह्रुश्का या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने ब्रनो इथल्या मधपाळांच्या मेळाव्यात ते पहिल्यांदा दाखवलं. पोळं गोल फिरवलं की मध बाहेरच्या दिशेला उडतो, पिंपाच्या भिंतीवर आदळतो आणि ओघळून तळाला जमतो. पोळं अख्खं राहतं, ते माशांना परत देता येतं. यंत्र घ्यायचं ते या शेवटच्या गोष्टीसाठी. नुसता मध काढायचा तर पोळं कुस्करून कापडातून गाळलं तरी मध निघतो, पण मग माशांना पोळं पुन्हा शून्यापासून बांधावं लागतं. एक किलो मेण तयार करायला त्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असं साधारण धरतात. तेव्हा यंत्राची परीक्षा पोळं किती सुखरूप बाहेर येतं यावर करा. मध किती लवकर निघतो, ते त्यानंतर बघा.

माझं पहिलं यंत्र मी असंच घाईत घेतलं होतं. जस्ताच्या पत्र्याचं, चार फ्रेमचं, "सगळ्या पेट्यांना चालतं" असं सांगून दिलेलं. सरळगावच्या आमच्या शेतावर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते पहिल्यांदा लावलं. पिंजरा मेलिफेराच्या, म्हणजे आकाराने मोठ्या परदेशी मधमाशीच्या, फ्रेमसाठी केलेला होता. सातेरीची छोटी फ्रेम त्यात तळाशी तिरकी जाऊन बसली आणि वरची पट्टी कशालाच टेकेना. जाळीची भोकंही मोठी, बोट सहज आत जाईल एवढी. मी दोन फ्रेम समोरासमोर ठेवल्या आणि हँडल फिरवलं. चार-पाच फेऱ्या झाल्या असतील, आतून ओला कपडा भिंतीवर आपटावा तसा आवाज आला. थांबवून पाहिलं तर दोन्ही पोळी लाकडातून सुटून जाळीच्या भोकांमधून अर्धी बाहेर आली होती. पांढरंशुभ्र, त्याच वर्षी बांधलेलं पोळं. मध, मेण आणि परागकणांचा पिवळा गाळ सगळं एकत्र होऊन तळाला चाललं होतं. शेतावर काम बघणारे काका शेजारी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "पाऊस तोंडावर आलाय, आता ह्या कधी बांधायच्या परत?" त्या दिवशी मी बाकीच्या फ्रेमना हात लावला नाही. त्या पेटीला पुढे साखरपाणी दिलं, पण जुलैत एका सकाळी पेटी रिकामी होती. पावसाळ्यात वसाहत जाण्याची कारणं अनेक असतात आणि सगळा दोष मी यंत्रावर टाकत नाही. तरीही काकांचा तो प्रश्न मला दर मे महिन्यात आठवतो.

म्हणून फ्रेमच्या मापाबद्दल जरा विस्ताराने लिहिते. आपल्याकडे सातेरीसाठी भारतीय मानकाच्या ए आणि बी अशा दोन प्रकारच्या पेट्या चालतात. मेलिफेरासाठी लँगस्ट्रॉथची मोठी पेटी असते. ए प्रकारात खालच्या, पिल्लांच्या कोठीतल्या फ्रेमचं आतलं माप साधारण २१ बाय १४.५ सेंटीमीटर असतं, आणि मधकोठीच्या फ्रेमची आतली उंची सहा-साडेसहा सेंटीमीटरच. लँगस्ट्रॉथच्या फ्रेमची वरची पट्टी तब्बल एकोणीस इंच लांब असते. बाजारात मिळणारी बहुतेक स्वस्त यंत्रं या मोठ्या फ्रेमवर बेतलेली असतात, कारण मेलिफेरावाल्यांची खरेदी मोठी असते. त्यात गावोगावचे सुतार पेट्या करताना माप थोडं इकडे-तिकडे करतात. तेव्हा छापील मापावर विसंबू नका, पट्टी घेऊन स्वतः मोजा: वरच्या पट्टीची कानांसकट (दोन्हीकडे बाहेर आलेल्या टोकांसकट) लांबी, फ्रेमची बाहेरची उंची आणि भरलेल्या पोळ्याची जाडी. जाडी मोजायला लोक हमखास विसरतात. भरलेलं पोळं पट्टीच्या रुंदीबाहेर फुगलेलं असतं आणि अरुंद पिंजऱ्यात घातलं की जाळीला घासतं.

पिंजरा मोठा पण बाकी यंत्र चांगलं असेल, तर एक मार्ग आहे. स्टीलच्या बारीक जाळीचा, तुमच्या फ्रेमच्या मापाचा एक कप्पा करून तो मोठ्या पिंजऱ्यात तारेने बांधायचा. जाळीचं भोक पाच-सहा मिलिमीटरच्या वर नको. फ्रेमची वरची पट्टी आणि खालची पट्टी, दोन्ही कप्प्याला टेकल्या पाहिजेत. मी पहिल्या यंत्राला पुढे हेच केलं आणि दोन हंगाम त्यावर काढले. कप्पा वाकडा झाला की पिंजरा डुगडुगतो, तेवढं सांभाळा.

यंत्रांचे दोन प्रकार ऐकायला मिळतील. एकात पोळ्याची सपाट बाजू पिंपाच्या भिंतीकडे तोंड करून असते. दुसऱ्यात फ्रेम सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या उभ्या राहतात आणि दोन्ही बाजूंचा मध एकदम निघतो. दुसरा प्रकार ऐकायला सोयीचा वाटतो, पण त्याला मोठं पिंप, जास्त वेग आणि जास्त वेळ लागतो, शिवाय किंमतही वाढते. पाच पेट्यांना त्याची गरज नाही. पहिल्या प्रकारात फ्रेम उलटावी लागते, आणि ती कशी उलटायची हे नीट समजून घ्या. पहिली बाजू हळू फिरवून निम्मीच रिकामी करायची. मग फ्रेम उलटून दुसरी बाजू पूर्ण काढायची. पुन्हा उलटून पहिल्या बाजूचा उरलेला मध काढायचा. पहिलीच बाजू एका दमात रिकामी करायला गेलात, तर आतल्या बाजूचा सगळा मध मधल्या पातळ पडद्यावर दाबतो आणि पोळं फुटतं.

किती जोर पडतो ते आकड्यांत सांगते. छोट्या यंत्रात पोळं मधल्या दांड्यापासून साधारण पंधरा सेंटीमीटरवर असतं. गिअर एकास तीन असेल तर हँडलच्या एका फेरीत पिंजरा तीनदा फिरतो. सेकंदाला एक फेरी मारलीत तर पिंजऱ्याचे मिनिटाला १८० फेरे होतात आणि पोळ्याला आपलं वजन साडेपाच पट झाल्यासारखं वाटतं. चारशे ग्रॅमच्या फ्रेमवर सव्वादोन किलोचा भार. आता हात दुप्पट वेगाने फिरवा. भार दुप्पट होत नाही, चौपट होतो. जवळजवळ पावणेनऊ किलो! सातेरीचं नवं पोळं, त्यात तार नाही, मेण कोवळं, एप्रिलचा उकाडा. ते हा भार सोसत नाही. मी मनात "एक, दोन, तीन" मोजत सेकंदाला एक या तालावर हात ठेवते आणि मधाच्या धारा पिंपावर आदळल्याचा टपटप आवाज कमी झाला की मगच किंचित वेग वाढवते.

यावरून मोटरचं उत्तर तुम्हाला मिळालंच. पोळं सुटायला लागलं की पिंजऱ्यात थरथर येते आणि ती हँडलवर बोटांना लगेच कळते. मोटरला ते कळत नाही. ड्रिल मशीन जोडून यंत्र फिरवणारे काही जण मी पाहिलेत. त्यांच्या पिंपाच्या तळाशी मधापेक्षा मेणाचा चुराच जास्त असतो. तुम्ही मोटर बसवून घेऊ नका.

आता पत्रा. मध आम्लधर्मी असतो, सामू (पीएच) साधारण ३.९. जस्ताच्या मुलाम्यावर मध काही तास राहिला तर जस्त त्यात उतरतं. पूर्वी सगळीकडे जस्ताचीच यंत्रं होती, हे खरं. आज तुमच्याकडे दोन्हींत निवड करायला वाव आहे, तर खाण्याच्या वस्तूला स्टीलच घ्या. फार झालं तर जस्ताच्या यंत्रात मध थांबू न देता तोटी उघडी ठेवून काढत राहायचं, ही तडजोड. पण जोडाला कथलाचा डाख लावलेला असेल तर तेही नको. डाखात शिसं असू शकतं.

स्टील म्हटलं की काम संपत नाही. दुकानात "फूड ग्रेड" हा शब्द सगळेच वापरतात. मधाच्या यंत्राला ३०४ दर्जाचं स्टील हवं, आणि स्वस्त यंत्रात बऱ्याचदा २०२ असतं. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत. लोहचुंबक लावून बघा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्याने ३०४ आणि २०२ मधला फरक कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही. चुंबक घट्ट चिकटलं तर ते आणखी हलकं स्टील, एवढंच कळतं. खरी पारख करायची तर पत्र्यावर एक थेंब टाकून रंग बघण्याचं तपासणीचं द्रावण मिळतं. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्याला स्टीलचा धंदा करणाऱ्यांकडे ते असतं, आणि नम्रपणे विचारलं तर ते दोन मिनिटांत तपासून देतात. बिलावर "एसएस ३०४" असं लिहून घ्या. लिहून द्यायला दुकानदार कचरला तर तेच तुमचं उत्तर. २०२ चं यंत्र लगेच विषारी होत नाही, पण आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत जोडांवर तांबूस डाग धरतात आणि मग ते घासूनही जात नाहीत.

तुमच्यासारख्या ठाण्यातल्या माणसाला एक सोय आहे आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात हॉटेलांच्या स्वयंपाकघराचं स्टीलचं सामान बनवणारी छोटी वर्कशॉप आहेत. त्यांना आर्गन वेल्डिंग येतं, पत्रा ते रोज हाताळतात. पिंप, पिंजरा आणि झाकण तुमच्या फ्रेमच्या मापाने करून घ्यायचं, आणि गिअरची जोडी तेवढी तयार विकत आणायची. माझं आत्ताचं यंत्र असंच केलेलं आहे. कारागिराने आयुष्यात मधाची पेटी पाहिली नव्हती. मी एक रिकामी फ्रेम आणि एक भरलेली फ्रेम डब्यात घालून नेली, वर्कशॉपच्या दारात उघडून दाखवली. त्याने भरलेली फ्रेम हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिली, बोटाने वजन तोललं आणि म्हणाला, "मॅडम, ह्याला कडा नको, सगळं गोल पाहिजे." पिंजऱ्याची प्रत्येक तार त्याने घासून गुळगुळीत करून दिली. अशा कामात तयार यंत्रापेक्षा थोडे पैसे जास्तही जातील, तुमच्या आठ हजारांत ते बसेल असं मी म्हणत नाही. पण विचारून बघा. दोन-तीन मधपाळ मिळून केलं तर नक्की परवडतं.

प्लास्टिकच्या पिंपाची यंत्रंही आता दिसतात. पिंप खरोखर खाद्यपदार्थांसाठीचं असेल तर त्यात वाईट काही नाही, हलकं असतं, गंजत नाही. रंगाचं किंवा रसायनाचं जुनं पिंप धुऊन वापरू नका, मध वास धरतो. पिंजरा मात्र तिथेही स्टीलचाच हवा.

दुकानात उभं राहून बघायच्या बाकी गोष्टी: झाकण काढून रिकामं यंत्र जोरात फिरवा आणि हात सोडा. पिंजरा आवाज न करता, लंगडत न फिरता हळूहळू थांबला पाहिजे. गिअर धातूचे असोत की नायलॉनचे, दाते एकमेकांत पूर्ण बसतात का ते बघा. गिअरला लावलेलं वंगण खाली टपकून मधात पडेल अशी रचना नको. खालचं बेअरिंग मधात बुडणार नाही, एवढी जागा पिंजरा आणि तळ यांच्यात हवी. तळाला तोटीकडे उतार हवा, सपाट तळात दीड-दोन किलो मध अडकून राहतो. तोटी मोठ्या तोंडाची, दीड इंचाच्या आसपास. पाण्याच्या नळाची बारीक तोटी लावलेली यंत्रं मिळतात, त्यातून मेणाचे तुकडे अडकून मध थेंबथेंब येतो. आतून जोडावरून बोट फिरवा. खरखर लागली तर तिथे मध अडकणार, आंबणार. पायांना भोकं हवीत, म्हणजे यंत्र फळीवर बोल्टने आवळता येतं.

फ्रेम समोरासमोर ठेवताना वजनाने जुळत्या निवडा, नाहीतर यंत्र नाचतं.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती: हवा. तुम्ही कदाचित ठाण्याच्या फ्लॅटवर मध काढायचा विचार करत असाल. मे महिन्यात खाडीची हवा आपल्याकडे किती दमट असते ते वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा. मध हवेतलं पाणी ओढतो. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असेल तर सतरा-अठरा टक्के पाणी असलेला मध आहे तसा राहतो. त्याच्या वर गेली की उघड्यावरचा मध पातळ होत जातो. यंत्रात तर मध बारीक तुषार होऊन उडतो, त्यामुळे हवेशी त्याचा संपर्क सगळ्यात जास्त त्याच वेळी येतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत मधातल्या पाण्याची मर्यादा वीस टक्के आहे, आणि सातेरीचा मध मुळातच थोडा पातळ असल्यामुळे त्या मर्यादेच्या अगदी काठावर असतो. म्हणून तीन गोष्टी करा. यंत्राला झाकण हवंच, फिरवताना ते लावलेलं हवं. मध दुपारी, सगळ्यात कोरड्या वेळी, खिडक्या बंद करून काढा. आणि पोळ्याची निदान तीन-चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय फ्रेम काढू नका. शंका असेल तर फ्रेम आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा आहे, परत ठेवा. पुढे शक्य झालं तर मधासाठीचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे मधातलं पाणी मोजायचं छोटं उपकरण, घ्या. आठ हजारांतून काही शिल्लक राहिलं तर मी ते मोटरवर न घालता त्याच्यावर घालीन.

किन्हवलीला घरात खोली असेल तर मध तिथेच काढा. ठाण्यात खाडीच्या हवेपेक्षा तिकडची हवा कोरडी, आणि फ्रेम त्याच संध्याकाळी पेटीत परत जातात. अंधार पडता पडता परत द्या, दिवसा दिल्या तर मधाच्या वासाने दुसऱ्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात आणि सातेरीची दुबळी वसाहत त्यात खचते. फ्लॅटमध्ये काढलात तर खिडक्या आणि चिरा आधी बंद करा. आपल्या उंच इमारतींच्या छज्ज्यांखाली आग्या माशीची पोळी लटकलेली असतात, ती वासावर येतात. मग सोसायटीतले लोक घाबरून औषध फवारणाऱ्याला बोलावतात आणि आपल्या एका चुकीपायी एक अख्खं पोळं मरतं. मी हे खारघरला एका ओळखीच्या घरी झालेलं पाहिलंय. सकाळी जिन्यात पडलेल्या माश्यांचा खच मला विसरता येत नाही.

वेळापत्रक: जांभूळ, करंज, हिरडा यांचा फुलोरा संपता संपता, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत मुख्य काढणी उरका. मेच्या शेवटी काही काढू नका, माझ्यासारखी चूक करू नका. प्रत्येक पेटीत पावसाळ्यासाठी मध शिल्लक ठेवा. खालच्या, पिल्लांच्या कोठीतली फ्रेम यंत्रात कधीही घालू नका. त्यात मध दिसला तरी तो त्यांचा.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. पाच पेट्यांपैकी यंदा दोनच भरल्या असतील, तर या हंगामात यंत्र घेऊ नका. जवळच्या एखाद्या मधपाळाचं एक दिवस मागून आणा, त्याला बरणीभर मध द्या. शहापूर, मुरबाड भागात असे मधपाळ आहेत आणि ते देतात. यंत्र हाताळल्यावर तुम्हाला कसलं हवं ते दुकानदारापेक्षा तुम्हालाच जास्त कळेल. दरम्यान महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या जिल्हा कार्यालयात मध केंद्र योजनेची चौकशी करा. तिच्यात प्रशिक्षण घेतलेल्यांना साहित्यासाठी पन्नास टक्के अनुदान असतं, उरलेली रक्कम आपण घालायची. मंडळाचं मधसंचालनालय महाबळेश्वरला आहे, आणि पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. दोन्हीकडे सातेरी ओळखणारी माणसं भेटतात. यंत्राच्या दुकानात तशी सहसा भेटत नाहीत.

यंत्र घरी आलं की मध काढण्याआधी एकदा कोमट पाणी आणि थोडा साबण वापरून धुवा, कारखान्यातलं तेल पत्र्यावर असतं. नंतर पूर्ण कोरडं करा, आत पाण्याचा एक थेंबही नको. मध काढून झाल्यावर मात्र आधी थंड पाण्याने धुवा. गरम पाणी घातलं की मेण वितळून जाळीच्या कोपऱ्यात बसतं आणि मग ते काढायला दाढीचं ब्लेड लागतं. धुतलेलं पाणी पेट्यांजवळ ओतू नका. उन्हात वाळवा, गिअरवर कापड बांधा आणि पावसाळाभर तोटी उघडी ठेवून, झाकण किंचित तिरकं ठेवून कोरड्या जागी ठेवा. बंद पिंपात बुरशी येते.